वेग ओसरतो कुठे? पाण्यावरच्या शर्यतीच्या एका जुन्या चित्रपटाविषयी

(माधवनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, सर, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं तुमचं, आता हे पॉवरबोटीचं काय काढलंत? आणि तेही माधवनगरात? प्रश्न रास्त आहे. इथे यंत्रमागाचा खडखडाट आहे, रेल्वेची शिट्टी आहे. नदी आहे ती सांगलीला. आणि पॉवरबोट म्हणाल, तर ती आपल्या भागातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा जवळून पाहिली ती महापुरात. ती काही शर्यतीत धावत नव्हती. ती आपल्या ओळखीच्या गल्लीतून येत होती.

ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या. व्याख्यान फिरून तिथेच येणार आहे.

आज आपण ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहोत त्याचं नाव ‘क्लॅमबेक’. साल १९६७. दिग्दर्शक आर्थर नेडेल, नायक एल्विस प्रेस्ली. एल्विसचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण हा चित्रपट त्याचे चाहतेसुद्धा फारसा काढत नाहीत. शर्यतीच्या मोटरबोटींवर अमेरिकेत त्या काळात असे काही चित्रपट निघाले. याच्या तीनच वर्षं आधी, १९६४ मध्ये, विल्यम ग्रेफे नावाच्या दिग्दर्शकाने थोड्या पैशात ‘रेसिंग फीवर’ केला होता. तो तर आज कुणाच्या गावीही नाही. या सगळ्यांचं भांडवल एकच: पाणी, इंजिन, उडणारे तुषार आणि शेवटी एक शर्यत.

आम्ही ‘क्लॅमबेक’ पाहिला तो पुण्यात एम. ए. करत असताना, सकाळच्या खेळाला. इंग्रजी चित्रपट, तिकीट स्वस्त आणि पहिला तास बुडवायची सोय. खोटं कशाला बोला, आम्हाला तो आवडला होता. लाल-निळ्या बोटी, ऊन, गाणी. वाडीतून आलेल्या पोराला याहून जास्त काय हवं? मग पन्नास वर्षं तो डोक्यातून गेला. पुन्हा पाहिला तो २०१९ च्या पुरानंतर, नातवाच्या लॅपटॉपवर. आणि या वेळी तो पाहवेना. चित्रपट तोच, पाहणारेही आम्हीच. मग बिनसलं कुठे? आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं आम्हाला सापडलेलं उत्तर आहे.

आधी कथा थोडक्यात. स्कॉट हा टेक्ससच्या एका तेलसम्राटाचा मुलगा. बापाच्या पैशामुळेच लोक आपल्याला विचारतात, याचा त्याला वीट आलाय. वाटेत त्याला टॉम नावाचा एक साधा तरुण भेटतो, पाण्यावरचं स्कीइंग शिकवणारा, मायामीच्या हॉटेलात नोकरीला निघालेला. दोघे नावं आणि जागा बदलतात. टॉम श्रीमंत होतो, स्कॉट नोकरदार. हॉटेलात डायान नावाची तरुणी आहे. तिला श्रीमंत नवरा हवाय, आणि हे ती लपवत नाही. तिची नजर आहे जेमिसन नावाच्या श्रीमंत, देखण्या शर्यतपटूवर. स्कॉट एका बोट बांधणाऱ्याला मदत करतो, त्याची खिळखिळी झालेली बोट दुरुस्त करतो, शर्यत जिंकतो आणि शेवटी तिला आपण कोण ते सांगतो. ती बेशुद्ध पडते. समाप्त.

आता बघा. या चित्रपटाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे की माणसाची किंमत पैशात नाही. ठीक. पण शर्यत जिंकली कशाने? बोटीच्या लाकडावर एक रासायनिक लेप दिलाय म्हणून. हा लेप आला कुठून? नायकाच्या बापाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून! तो लेप पूर्वी पाण्यात टिकत नव्हता. नायक रात्री जागून तो टिकवतो. म्हणजे मेहनत त्याची आहे, हे मान्य. पण खऱ्या टॉमला, त्या गरीब शिक्षकाला, ही प्रयोगशाळा कोण उघडून देणार होतं? पैशाशिवाय जिंकून दाखवतो म्हणणारा नायक बापाच्या तिजोरीची किल्ली खिशात ठेवूनच पाण्यात उतरतो. आणि बक्षीस म्हणून मिळणाऱ्या मुलीला शेवटी श्रीमंत नवराच मिळतो. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही याला वदतोव्याघात म्हणायचो. आपल्याच बोलण्याने आपलं बोलणं खोडणं. (हशा)

पण हा दोष पहिल्यांदा पाहिला तेव्हाही होता, आणि तो आम्हाला तेव्हाही खटकला नव्हता. तेव्हा खरं दुखणं ते नव्हे. खरं दुखणं आहे पाण्यात.

जरा पडद्याकडे बघू या. एल्विस या चित्रपटासाठी फ्लोरिडाला गेलाच नव्हता. मायामीची दृश्यं वेगळ्या पथकाने घेतली, दुरून दिसतो तो त्याच्या जागी उभा केलेला माणूस. एल्विस राहिला कॅलिफोर्नियात. त्यामुळे एक गंमत झाली आहे. मायामी म्हणून जे दाखवलंय त्यात मागे डोंगर दिसतात. फ्लोरिडा म्हणजे तळहातासारखा सपाट प्रदेश, तिथे डोंगर कुठले? जवळून चेहरा दाखवताना पुढे नट बसलेला आणि मागच्या पडद्यावर पळतं पाणी. ही त्या काळची रीतच होती, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण परिणाम काय होतो तो बघा. पाणी बोटीला कधी लागतच नाही. नायक आणि पाणी यांची गाठच पडत नाही. पाणी म्हणजे त्याच्यामागे लावलेलं चित्र.

इथे आम्ही थोडं आमच्या जुन्या धंद्याकडे वळतो. घाबरू नका, दहा मिनिटांत परत आणतो.

आपल्याकडे वैशेषिक दर्शन म्हणून एक दर्शन आहे. जगात काय काय आहे याची नीट यादी करू पाहणारं. या मंडळींनी गतीचा विचार फार बारकाईने केला. ते म्हणतात, गती ओळखायची ती संयोग आणि विभाग यांवरून. वस्तू एका जागेपासून सुटते आणि दुसऱ्या जागेला लागते. सुटणं आणि लागणं. या दोन्हींशिवाय नुसती गती अशी वेगळी काढून दाखवता येत नाही. आगगाडीत डोळे मिटून बसा, रूळ गुळगुळीत असतील तर आपण चाललोय की थांबलोय कळत नाही. खिडकीतून खांब मागे जायला लागले की कळतं.

आता पाण्यावर खांब नाहीत. झाडं नाहीत, मैलाचे दगड नाहीत. म्हणून पाण्यावरचा वेग पडद्यावर दाखवणं फार अवघड. मोटारीच्या शर्यतीत रस्त्याकडेची गर्दी सर्रकन मागे जाते, बैलगाडीच्या शर्यतीत धूळ आणि झाडं असतात. उघड्या पाण्यावर बोट शंभर मैलांनी पळाली तरी दुरून ती हळू सरकताना दिसते. मग दिग्दर्शक काय करतो? तुषार दाखवतो, शेजारची बोट दाखवतो, काठावरच्या लोकांचे उघडे तोंड दाखवतो आणि इंजिनाचा आवाज वाढवतो. ‘क्लॅमबेक’ हे सगळं करतो, आणि बऱ्यापैकी करतो.

पण वैशेषिकांचं दुसरं एक म्हणणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. ते ‘वेग’ कशात मोजतात, माहीत आहे? संस्कारात! संस्कार नावाचा एक गुण ते मानतात आणि त्याचे तीन प्रकार करतात. एक वेग. दुसरा भावना, म्हणजे अनुभवाचा मनावर राहिलेला ठसा, ज्यातून पुढे आठवण होते. तिसरा स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की परत जागेवर जाते तो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं, ही काय खिचडी? वेग आणि आठवण एका पंगतीला कशी? पुढे वर्गात शिकवता शिकवता उमगलं. तिन्हींत एकच गोष्ट आहे: क्रिया झाल्यावरही काहीतरी मागे उरतं आणि ते पुढे काम करत राहतं. हात बाणाला सोडतो, तरी बाण जात राहतो. प्रसंग संपतो, तरी आठवण चालू राहते. वेग म्हणजे मागे उरून काम करणारी गोष्ट. म्हणून तो आठवणीचा सख्खा भाऊ.

हे एकदा पटलं की शर्यतीच्या चित्रपटाला लावायची कसोटी हाती येते. आमची कसोटी अशी: बोट निघून गेल्यावर मागे काय उरतं, ते हा चित्रपट दाखवतो का?

‘क्लॅमबेक’ नाही दाखवत. बोटी जातात, त्यांच्यामागे पांढरी रेघ उमटते, आणि लगेच दृश्य बदलतं. लाट काठाला जाऊन काय करते, हरलेल्या जेमिसनच्या घरी दुसऱ्या दिवशी काय होतं, बोट बांधणाऱ्या म्हाताऱ्याचं पुढे काय, याची विचारपूस नाही. आपल्याकडेही हेच. त्याच १९६७ मध्ये मुंबईत शक्ती सामंतांचा ‘अ‍ॅन ईव्हनिंग इन पॅरिस’ आला. मोटरबोटीमागे पाण्यावर घसरत जाणारी शर्मिला टागोर आणि वर हेलिकॉप्टरला लटकून गाणारा शम्मी कपूर! आपण सगळ्यांनी ते टाळ्या पिटत पाहिलं. तिथेही वेग म्हणजे अंगावरचा एक झकपक कपडा. घातला, मिरवला, काढून ठेवला.

आता कुणी म्हणेल, आम्ही म्हणतोय तसं उरलेलं दाखवणारा चित्रपट असतो तरी का? लांब कशाला जायचं, आपल्या मराठीतच आहे. फक्त त्यात बोट नाही, बैलगाडी आहे. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’, १९५९. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या माडगुळ्याच्या माणसाची. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. तमाशापट म्हणून आपण तो लक्षात ठेवलाय. पण त्याची सुरुवात कशाने होते, आठवतंय? गावच्या बैलांच्या शर्यतीने. एक साधा शेतकरी जिंकतो, पाटील हरतो. शर्यत संपायला काही मिनिटं लागतात. पण ती संपत नाही! त्या हरण्याचा सल पाटलाच्या मनात राहतो, त्यातून खून होतो, एका बाईवर अत्याचार होतो, तिचं घर उठतं. आणि एक पिढी गेल्यावर तिची मुलगी तमाशाच्या बोर्डावर उभी राहून, त्याच गावापुढे, ती हकिकत सांगते. चित्रपटाचं नावच ते आहे. शर्यत गावाला लागलेली असते. जिंकणारा कुणाला तरी ओलांडून जिंकतो, आणि ओलांडलेला माणूस त्याच गावात राहत असतो. सकाळी त्याच आडावर पाण्याला येतो. मायामीच्या हॉटेलात हे कळायची सोय नाही, कारण तिथे कुणी राहतच नाही. सगळे सुटीवर आलेले.

आता पाण्यावर परत येऊ. १९६७ सालीच पाण्यावरच्या वेगाची एक दुसरी फिल्म तयार झाली. ती कुणी कथा म्हणून केली नव्हती. ४ जानेवारी १९६७. इंग्लंडच्या उत्तरेला कॉनिस्टन वॉटर नावाचं एक लांबट तळं आहे. डोनाल्ड कॅम्पबेल नावाचा माणूस ‘ब्लूबर्ड’ ही जेट इंजिनाची निळी बोट घेऊन तिथे उतरला. बाप माल्कम कॅम्पबेल हाही वेगाच्या विक्रमांसाठी गाजलेला. मुलाने १९६४ मध्ये एकाच वर्षात जमिनीवरचा आणि पाण्यावरचा असे दोन्ही विक्रम केले होते. आता त्याला ताशी ३०० मैल गाठायचे होते. म्हणजे सुमारे ४८३ किलोमीटर.

या विक्रमाचा एक नियम आहे आणि आमच्या दृष्टीने सगळं मर्म त्या नियमात आहे. एकाच दिशेने पळून चालत नाही. जायचं आणि ठरलेल्या वेळात त्याच पाण्यावरून परत यायचं. दोन्हींची सरासरी धरतात. वारा पाठीवर घेऊन कुणी फसवू नये म्हणून. कॅम्पबेल गेला तेव्हा वेग भरला २९७ मैलांच्या थोडा वर. मग तो वळला. इंधन भरून घेण्यासाठी थांबला नाही, लगेच परत निघाला. या वेळी वेग ३०० च्या वर गेला. बोटीचं नाक वर उचललं गेलं, ती हवेत उलटी फिरली, पाण्यावर आदळली आणि बुडाली. त्याचा मृतदेह आणि बोट वर काढली गेली ती २००१ मध्ये, चौतीस वर्षांनी.

अपघात का झाला यावर आजही वाद चालतो. इंजिन बंद पडलं, बोटीचा तोल त्या वेगाला टिकला नाही, अशी अनेक कारणं सांगतात. त्यात एक कारण कायम सांगितलं जातं: पहिल्या फेरीने उठवलेल्या लाटा अजून निवल्या नव्हत्या. लांबट तळं, दोन्ही बाजूंना काठ. लाट काठाला जाऊन परत येते. म्हणजे माणसाने स्वतः उठवलेलं पाणी त्यालाच समोरून भेटलं असावं. हेच एकमेव कारण, असं आम्ही म्हणणार नाही. तज्ज्ञांचं काम तज्ज्ञांनी करावं. पण नियमाची रचना बघा ना! तो नियम तुम्हाला परत पाठवतो. ज्या पाण्यावरून गेलात त्याच पाण्याला पुन्हा तोंड द्या, म्हणतो. वैशेषिकांनी संस्कार म्हटलं तो हाच.

ती फिल्म काळी-पांढरी, काही सेकंदांची. दुरून घेतलेली. तिच्यात चेहरा नाही, संगीत नाही. मागे टेकड्या आहेत, त्यांच्यामुळे वेग कळतो. आणि बोट गेल्यावर कॅमेरा तिथेच राहतो, आणि आपण पाण्याकडे बघत राहतो. शर्यतीच्या कुठल्याही रंगीत चित्रपटाहून ती आम्हाला मोठी वाटते ती मरण दाखवते म्हणून नव्हे. मरण दाखवणं सोपं आहे. ती पाणी दाखवते. बोट नाहीशी झाल्यावरही हलत राहिलेलं पाणी.

१९६७ म्हटलं की आपल्या भागातल्या आमच्या वयाच्या माणसाला अजून एक तारीख आठवते. ११ डिसेंबर. कोयनेचा भूकंप. पहाटेची वेळ, थंडी, आम्ही अंथरुणातून बाहेर पळालो, आईने देवाचं नाव घेतलं, कोपऱ्यातली भांडी वाजत राहिली. पुढे भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांनी धरणात साठवलेल्या पाण्यामुळे येणाऱ्या भूकंपाचं ठळक उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतलं. कॉनिस्टनचा आणि कोयनेचा काही संबंध नाही, तसा जोडणंही बरोबर नाही. पण पाणी म्हणजे आपण ठेवू तिथे गप्प बसणारी वस्तू, ही समजूत दोन्हीकडे मोडली एवढं खरं. आणि ती मोडलेली असतानाच त्या वर्षअखेरीस अमेरिकेत ‘क्लॅमबेक’ चालला होता, ज्यात पाणी म्हणजे नुसता निळा गालिचा.

आता २०१९. ऑगस्ट महिना. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. १९२९ साली बांधलेला हा पूल, आपल्या सांगलीची मोजपट्टीच तो. माधवनगर उंचावर, म्हणून सांगलीतली माणसं आमच्याकडे आली होती. आमची थोरली बहीण मात्र येईना. नदीच्या बाजूला तिचं जुनं घर, खालचा मजला पाण्यात, वर ती आणि तिची सून. चौथ्या दिवशी आम्हाला एका बोटीतून तिच्याकडे जायला मिळालं.

बोट चालवणारा नदीकाठचा पिढीजात नावाडी होता, हातात मात्र मोटरबोट. मुख्य रस्त्यावर त्याने इंजिन चांगलं चालवलं. गल्लीच्या तोंडाशी आला आणि इंजिन बंद केलं. बांबू काढला आणि ढोसत ढोसत आत न्यायला लागला. आम्हाला घाई. आम्ही म्हटलं, अरे बाबा, इंजिन चालू कर की. तो म्हणाला, “काका, लाट घरात जाती.”

एवढंच बोलला. पण आम्हाला त्या क्षणी दिसलं. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, चार दिवस भिजलेल्या. बोट वेगाने गेली तर तिची लाट दारातून आत जाणार, मागच्या भिंतीला थडकणार, परत येणार. आतलं कपाट हलणार, भिंत बसणार. बहिणीच्या घरी पोचलो तर ती चिडलेली. सकाळी कुणी पाहणी करायला आलेले, वेगात गेले म्हणे, फोटो काढत. त्यांच्या लाटेने खालच्या खोलीतला तिच्या सासूबाईंचा लाकडी पाट, देवघर, सगळं दारातून बाहेर गेलं. कोण होते ते तिला माहीत नव्हतं, आम्हालाही माहीत करून घ्यायचं नाही. त्यांच्याही मनात वाईट नसेल. ते बोटीत होते. बोटीतून मागची लाट दिसत नाही, पुढचं पाणी दिसतं. वेगाची ही जुनी खोड आहे.

त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. त्यावर आम्ही इथे जास्त बोलणार नाही. उदाहरण म्हणून वापरावी अशी ती गोष्ट नाही. फक्त एवढंच, की आपल्या जिल्ह्यात बोट हा शब्द आता नुसता मौजेचा उरला नाही. आणि म्हणून ‘क्लॅमबेक’ पुन्हा पाहताना आम्हाला तो पाहवेना. पडद्यावर बोट गेली की आमचं लक्ष काठाकडे जायचं. कुणाचं दार आहे तिथे? चित्रपट तिकडे कॅमेरा फिरवतच नव्हता.

आता समोरून प्रश्न येणारच, तो आम्हीच विचारतो. साधी करमणूक आहे हो, कशाला तिच्या डोक्यावर दर्शनांचं ओझं? गाणी ऐका, घरी जा. आक्षेप वजनदार आहे. ‘क्लॅमबेक’ला आम्ही तो विनोदी आहे म्हणून नापास करत नाही. विनोदी चित्रपटही कसोटीला उतरतो. बस्टर कीटनचा एक मूकपट आहे, ‘द बोट’, १९२१ चा. एक माणूस घराच्या तळघरात बोट बांधतो. बांधून झाल्यावर कळतं की ती दारातून जात नाही. तो जोराने ओढतो, बोट बाहेर येते आणि मागे अख्खं घर कोसळतं. बोट पाण्यात सोडतो, ती सरळ बुडते. आपण पोट धरून हसतो. पण बघा, त्यात प्रत्येक ओढीचं काहीतरी होतं! बोट ओढली तर घर पडतं. हलकीफुलकी वीस-पंचवीस मिनिटांची फिल्म, पण तिला ठाऊक आहे की जगात काही हललं की दुसरं काही हलतं. हलकं असणं आणि पोकळ असणं यांत एवढा फरक आहे.

‘क्लॅमबेक’च्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर टीका एकांगी होईल. बोट दुरुस्त करण्याच्या प्रसंगांत, लाकूड, लेप, रात्रीचं जागरण, यात क्षणभर खरं काहीतरी येतं. हात वस्तूला लागतात. जेमिसनचं काम करणारा बिल बिक्सबी खलनायक असूनही मोठा मजेदार आहे. आणि ज्या प्रेक्षागारातून ही शर्यत पाहिली जाते ते मायामीचं मरीन स्टेडियम ही खरोखर बघण्यासारखी वास्तू. इलारिओ कांदेला या क्यूबाहून आलेल्या तरुण वास्तुशिल्पीने केलेली, १९६३ ची. सगळ्या खुर्च्या पाण्याकडे तोंड करून, वर काँक्रीटचं घडी घातल्यासारखं छत. १९९२ च्या चक्रीवादळानंतर ते बंद पडलं आणि वर्षानुवर्षं पोरांनी रंगवलेल्या भिंती घेऊन पाण्याकडे बघत उभं राहिलं. आम्हाला वाटतं, तिथे चित्रपट खरा सुरू व्हायला हवा होता: शर्यती थांबलेल्या, खुर्च्या रिकाम्या आणि समोर तेच पाणी.

शेवटाकडे येतो. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. सांगलीवाडी, डिग्रज अशा काठच्या गावांचे संघ, लांब होड्या, दोन्ही बाजूंना वल्ही मारणारे तरुण, मागे सुकाणू धरणारा. इंजिन नाही. घाटावर तोबा गर्दी, पुलावर माणसं लोंबकळलेली. या शर्यतींवर कुणी चांगला चित्रपट करावा अशी आमची इच्छा आहे. करणाऱ्याला एकच सांगू. वल्ह्यांचे जवळून शॉट घ्या, घामाचे थेंब घ्या, ढोल वाजवा, सगळं करा. पण होडी गेल्यावर कॅमेरा लगेच उचलू नका. थोडा वेळ घाटाच्या पायरीवर ठेवा. लाट येईल, पायरीला लागेल, धुणं धुणाऱ्या बाईची बादली हलवेल, परत जाईल. हरलेल्या गावाची होडी संध्याकाळी काठावर उपडी टाकतात, तिथे जा. कोण कुणाशी बोलत नाही ते बघा. आणि त्याच होड्या, तेच सुकाणू धरणारे हात पुरात कुणाच्या दारी जातात तेही बघा. शर्यतीत जो वेगाने न्यायला शिकला, त्यालाच गल्लीत हळू न्यायचं कसं तेही ठाऊक असतं. त्या नावाड्याने इंजिन बंद केलं तेव्हा त्याची हार झाली नव्हती. आम्ही आयुष्यभर वेग या विषयावर जे वाचलं, त्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य तो त्या दिवशी बोलून गेला.

बहिणीचा पाट पुढे सापडला. तीन घरं पलीकडे, गाळात रुतलेला. तिने तो धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा देवघरात ठेवला. एका कडेला तडा आहे. तिच्याकडे गेलो की आम्ही त्याच्यावर बसत नाही, नुसता हात लावतो.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. चहा मात्र आधी घेऊ.